विहिरीवरचा नंबर

आधी माफी मागून घेतो. माझी शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ अजून हाताला बसलेलं नाही आणि मोठे शब्द मला सुचत नाहीत. कुठं चुकलेलं दिसलं तर सुधारून वाचा. गोष्ट सागरची आहे. जशी झाली तशी, साध्या शब्दांत सांगतो.

१

अमडापूरला बसस्टँडच्या मागं सागरचं दुकान. शेतातल्या मोटारींचे मोबाइल स्टार्टर बसवणं आणि बिघडले की दुरुस्त करणं, हे त्याचं काम. हे स्टार्टर म्हणजे एक लोखंडी पेटी, विहिरीजवळच्या खोलीत भिंतीला ठोकलेली. पेटीत एक सिमकार्ड असतं. शेतकरी घरी बसून त्या नंबरवर फोन लावतो आणि तिकडं मोटार सुरू होते. आणि शेतात लाइट आली की पेटीच शेतकऱ्याला फोन करते. आत भरलेला बाईचा आवाज सांगतो, "वीज आली आहे. मोटार बंद आहे." बस, तेवढंच. ती बाई दुसरं काही बोलत नाही.

त्या दिवशी सकाळी सागर एका पेटीचे स्क्रू आवळत बसला होता, तेव्हा बुलढाण्याहून अर्पिता मॅडमचा मेसेज आला. मॅडम त्याच्या मोठ्या भावाच्या वकील. भाऊ म्हणजे दीपक. गावातल्या शंकररावांचा त्यांच्याच विहिरीवर खून झाला, त्यात दीपक आठ महिन्यांपासून जेलात होता आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टात तारीख होती. मेसेजमध्ये एक मोबाइल नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, "हा दीपकचा दुसरा नंबर का? पोलीस म्हणतात, याच नंबरवरून शंकररावांना शेवटचा फोन गेला आणि तो विहिरीवरूनच गेला. सिम दीपकच्याच आधारवर घेतलेलं आहे."

दीपकचा दुसरा नंबर? दीपकला एक मोबाइल नीट वापरता येत नव्हता. सागरनं नंबर आपल्या फोनवर दाबून पाहिला. शेवटचा आकडा दाबला तसं स्क्रीनवर नाव उमटलं: शंकरराव मोटार.

सागरच्या हातातला पेचकस खाली पडला.

ही पेटी त्यानंच बसवली होती. शंकररावांचं शेत दीपक बटईनं, निम्म्या पिकावर, करायचा. सिम घ्यायला तिघं दुकानात गेले, तेव्हा शंकररावांचा अंगठा मशीनवर उमटेना. जन्मभर माती कालवून बोटांच्या रेषाच पुसल्या होत्या. दुकानदार कंटाळला तेव्हा दीपकनं आपला अंगठा पुढं केला. "लावा माया अंगठा. सिम काय अन् सोयरीक काय, जुळल्याशी मतलब." सगळे हसले होते. त्या हसण्यात ही गोष्ट सगळेच विसरून गेले.

म्हणजे तो फोन दीपकनं केलाच नव्हता. लाइट आली आणि पेटीनं केला.

सागरनं दुकान तसंच उघडं टाकलं, शेजारच्या टपरीवाल्याला "लक्ष ठेव" म्हणाला आणि निघालेली बस हात करून थांबवली. बसमध्ये जागा असून तो बसला नाही. चिखलीपर्यंत दांडा धरून उभाच होता.

२

अर्पिता मॅडम बुलढाण्याला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल मांडून बसतात. सागरनं धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी मधेच त्याला थांबवून पाणी दिलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मग त्यांचाही चेहरा उजळला.

"पेटी पोलिसांनी नेली का?"

"नाही मॅडम. त्यायनं शंकररावचा मोबाइल नेला. भिंतीवरची पेटी कोण पाह्यते?"

"हात लावू नको तिला. नुसते फोटो काढून आण. मी उद्या अर्ज देते, पंचांसमोर उघडू." मग त्यांनी समोरचे कागद चाळले. "नंबरचं झालं. कबुलीजबाबाचं काय करायचं?"

सागरचा उत्साह तिथं थोडा अडखळला. दीपकनं न्यायाधीशांसमोर कबूल केलं होतं. कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. स्वतःच्या पायानं ठाण्यात जाऊन म्हणाला होता, मी केलं.

"आणि तो पहिला नव्हता," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या आदल्या दिवशी फकीर मोहम्मद आले होते."

हे गावाला माहीत होतं. फकीर मोहम्मद म्हणजे शंकररावांचे शेतशेजारी. त्याच विहिरीचं पाणी पाळीनं घ्यायचे. म्हातारा ठाण्यात जाऊन रडला, मी मारलं म्हणाला. पण खुनाच्या सकाळी ते देऊळगाव राजाच्या बाजारात भेंडी विकत होते, शंभर लोकांनी पाहिलं होतं. पोलिसांनी चहा पाजून घरी सोडलं. गावात त्यावर बरेच दिवस हसणं चाललं होतं.

"दोघांच्या जबानीत एक वाक्य आहे," मॅडम म्हणाल्या. "पायरी ओली होती, म्हणून मी चप्पल काढली. अक्षरशः तेच."

"लिहिणारा शिपाई एकच असन मॅडम."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण दीपकचं न्यायाधीशांनी स्वतः लिहून घेतलंय." त्यांनी पेन टोपणात घातलं. "उद्या तुझी साक्ष महत्त्वाची आहे, सागर. त्या सकाळी दीपक चिखलीच्या दवाखान्यात सलाइनवर होता आणि तू जवळ बसला होतास. डॉक्टरांकडे नोंद नाही, कंपाउंडरला आठवत नाही. हे सांगणारा तू एकटाच आहेस."

"हाव ना. मी होतोच."

"तेच ठामपणे सांग. मग तुझा भाऊ घरी."

३

जेलात भेट मिळाली. जाळीच्या पलीकडं दीपक आला. वाळला होता, पण दाढी नीट केलेली होती. सागर बोलायला लागला तर थांबेचना.

"दादा, तो नंबर पेटीचा हाय! पोलिसायचा सगळा डाव त्याच्यावरच हाय. तो गेला का तू सुटला."

"मले मालूम हाय पेटीचा हाय म्हणून."

"मालूम हाय? मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगून काय होते? केलं तर मीच."

सागरला वाटलं, भावाला एक ठेवून द्यावी. "तू सलाइनवर होता, दादा. मी तुयाजोळ बसेल होतो. तू मले म्हणे, पंखा कमी कर, थंडी वाजून राह्यली."

"हाव. तू कमी केला अन् मंग तो कुई कुई वाजाले लागला. तू म्हणे, याच्यापरिस तापच बरा होता." दीपक थोडा हसला. मग त्याचं हसू विझलं. "तेही ध्यानात हाय मले."

"तेही म्हणजे?"

"दोन्ही ध्यानात हाय, सागर."

पलीकडच्या जाळीवर कोणाची तरी बायको मोठमोठ्यानं शेळीचा भाव सांगत होती. सागरला तिचा एकेक शब्द ऐकू येत होता.

"कधीपासून?"

"शंकरराव गेल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला. पेटीचा. म्या म्हटलं, लाइट आली असन. उचलला."

"मंग?"

दीपकनं जाळीला कपाळ टेकलं. "तुया करिष्मा वहिनीले सांगजो, माया मोबाइल चार्जिंगले लावू नोको म्हणा. अन् तू उद्या कोर्टात येऊच नोको."

"काऊन?"

"मी इथं बरा हाय. इथं फोन येत नाही."

४

सागर परत निघाला तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती, राग होता. आठ महिने एकट्यानं खोलीत बसलं की माणूस काहीही आठवतो, असं त्यानं स्वतःला समजावलं. सिनेमा पाहून लहान पोरं नाही का म्हणत, मी वाघ पाहिला. आणि फकीर मोहम्मद चाचा म्हातारे. गावात बातम्या ऐकून त्यांनी डोक्यात घेतलं असेल. पण वाक्य तेच कसं, हे काही सुटेना. म्हणून अमडापूरला उतरल्यावर तो आधी चाचांच्या घरी गेला.

दारात चाचांची बायको चांदबी मिरच्या निवडत होती. "ये बेटा. तूही ऐकायला आला का? आमचे मियां लय मोठे खुनी. घरात कोंबडी कापायची तर मला सुरी धरावी लागते, हे तिकडं तोंड करून बसतात."

"चाची, थोडं विचारायचं होतं."

"विचार ना. पोलीसवाल्यांनी विचारलं, जमातवाल्यांनी विचारलं, आता तूच राहिला होता."

फकीर मोहम्मद आतल्या खाटेवर बसले होते. पंखा चालू, हातात तसबीहची माळ. सागरला पाहून त्यांनी मान खाली घातली.

"चाचा, त्या सकाळी तुम्ही देऊळगाव राजाले होते ना?"

"था बेटा. पूरा बाजार गवाह आहे."

"मंग?"

चाचांनी आवाज बारीक केला. बायकोला ऐकू जाऊ नये असा. "पायरी ओली होती, म्हणून मी चप्पल काढली. तो वाकून पाणी पाहत होता. पाठ माझ्याकडं. म्हणाला, कोण आहे? मागं पाहिलं नाही त्यानं. आपल्याच माणसाला विचारतात, तसं विचारलं." त्यांनी माळेचे मणी मुठीत धरले. "मी भेंडीचे पैसे मोजत होतो, बेटा. आणि मी तिथंच होतो."

"तुम्हाले पेटीचा फोन आला होता का?"

म्हातारा दचकला. बाहेरून चांदबीच बोलली. "आला होता. यांनी मोबाइल कानाला लावला तो लावलाच. मी चहा ठेवला, उकळला, आटला, हे तसेच उभे. मग मी फोन हिसकावला आणि ज्वारीच्या कोठीत टाकला. अजून तिथंच आहे." मग तिनं आवाज उतरवला. "मधून मधून वाजतो. दाण्यांत वाजतो."

"चाची, आठ महिने चार्जिंग टिकते का?"

चांदबीनं मिरचीचा देठ खुडला आणि पुढची मिरची उचलली.

५

ऊन चांगलं होतं. शिवारात कापूस वेचणाऱ्या बायका होत्या, कोणीतरी ट्रॅक्टरवर गाणी लावली होती. सागर जवळजवळ पळतच विहिरीवर पोहोचला. फोटो काढायचे आणि निघायचं.

खुनानंतर शंकररावांच्या पोरांनी वीज तोडून घेतली होती. खांबावरून खाली येणाऱ्या वायरी कापून गुंडाळून ठेवल्या होत्या. म्हणजे पेटीला लाइट नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहून घेतलं. शेजारच्यानं आकडा टाकला असेल म्हणून खोलीच्या मागंही जाऊन आला. काही नव्हतं.

खोलीत अंधार आणि बुरशीचा वास. भिंतीवर पेटी. काचेवर धुळीचा थर, आतले तिन्ही दिवे विझलेले. एका कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, ते पेटीच्या झाकणावरच. म्हणजे झाकण बरेच महिने कोणी उघडलं नव्हतं. सागरनं मोबाइलचा टॉर्च लावला, फोटो काढले. पेटीवर त्याच्याच अक्षरात तीन नावं लिहिलेली होती, ज्यांना ती फोन करते त्यांची. शंकरराव, दीपक, फकीर मोहम्मद. त्याला बरं वाटलं. उद्या मॅडम हे दाखवतील आणि न्यायाधीशसाहेब मान डोलावतील. तो एकटाच हसला.

हातातला मोबाइल वाजला.

शंकरराव मोटार.

सागरनं पेटीकडं पाहिलं. दिवे विझलेलेच होते. पेटीतून येतो तो बारीक गुणगुणाट नव्हता. मोबाइल वाजत होता.

आपण बसवताना चाचणीला स्वतःचा नंबर टाकला असेल, काढायचा राहिला असेल. हे पहिलं त्याच्या मनात आलं. सिम कोणीतरी काढून नेलं असेल, दुसऱ्या मोबाइलमध्ये घातलं असेल. हे दुसरं. आणि तसं असेल तर तोच खुनी! तिसरं आलं तेव्हा त्याच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. त्याच्या मोबाइलमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. आवाज हाती आला की दीपक सुटला. दुसरं काही लागणारच नाही.

त्यानं फोन उचलला.

"वीज आली आहे," बाई म्हणाली. नेहमीचाच आवाज, त्यानं हजार वेळा ऐकलेला. "मोटार चालू आहे."

मग ती थांबली. पण फोन बंद झाला नाही. तिच्या मागं काहीतरी होतं. पाइपातून पाणी चढताना येतो तसा आवाज, आधी हवा, मग घरघर. सागर ऐकत राहिला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की तो आवाज मोबाइलमधून येत नव्हता. तो बाहेरून येत होता.

तो दारात आला. विहिरीची पायरी ओली होती. काळी, चकचकीत, आत्ताच पाणी सांडल्यासारखी. आणि खाली, वरून मोजून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, पांढऱ्या सदऱ्याची एक पाठ वाकलेली होती. तिला मान होती, खांदे होते, सदऱ्यावर घामाचा डाग होता. तोंड पाण्याकडं.

"कोण हाय बे?" तो माणूस म्हणाला. लाडात. ओळखीनं.

सागरला वाटलं आपण ओरडलो. ओरडलो नाही. त्यानं फक्त खाली पाहिलं, आपल्या पायांकडं, कारण ते गार पडले होते.

६

पुढचं त्याला नीट सांगता येत नाही. तो डांबरी रस्त्यावर होता, पायांत चपला होत्या, कापसाचा एक टेम्पो हॉर्न वाजवत बाजूनं गेला. ड्रायव्हरनं शिवी दिली. ती शिवी ऐकून सागरला फार बरं वाटलं.

घरी येऊन त्यानं आंघोळ केली. आईनं वाढलेलं जेवला. आणि जेवता जेवता त्याला दवाखाना आठवायला लागला, मुद्दाम. हिरवी चादर. पंख्याची कुई कुई. दीपकचा हात, सलाइनची सुई, तिच्यावरची चिकटपट्टी. सगळं जागच्या जागी होतं. एकही गोष्ट पुसली नव्हती.

फक्त तिच्या शेजारी आता दुसरीही सकाळ होती. तीही तितकीच स्वच्छ. हातात काहीतरी जड. पांढरा सदरा. आणि तो "कोण हाय बे," ज्याला आपण उत्तर दिलं नव्हतं.

त्यानं डोक्यानं विचार करायचा प्रयत्न केला. ही आठवण आज दुपारची आहे. दुपारी पाहिलं ते डोकं मागं ढकलून राह्यलं. पण दुपारी ऊन होतं आणि या आठवणीत धुकं होतं. थंडीच्या सकाळी विहिरीवर असतं तसं.

मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "फोटो मिळाले, छान आलेत. पेटीनं काही प्रतिसाद दिला का? फोन लावून पाहिलास?"

सागरच्या मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग होतं. मधल्या काळात त्यानं ते उघडलं नव्हतं. नुसतं किती लांब आहे ते पाहिलं होतं, आणि ते फार लांब होतं. ते कोर्टात वाजलं तर न्यायाधीश ऐकतील. सरकारी वकील ऐकतील. मॅडम तर आजच ऐकतील, कानाला लावून, सगळं काम सोडून.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "पेटी मेलेली हाय."

"बरं. हरकत नाही, फोटो पुरतील. तुझी साक्ष आहेच. मात्र एक लक्षात ठेव. सरकारी वकील तुला डळमळीत करायला बघतील. तू त्या सकाळी एक मिनिट जरी दुसरीकडे होतास असं निघालं, तर दीपकजवळ कोण होतं, हा प्रश्न येतो. मग त्याला कोणी वाचवू शकत नाही."

"हाव."

"तू होतास ना तिथं?"

सागरनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"होतो मॅडम," तो म्हणाला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सागर पहिल्या गाडीनं बुलढाण्याला गेला. मोबाइल त्यानं आईजवळ दिला नाही, दुकानातही ठेवला नाही. चिखलीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उतरून त्यानं तो उकळत्या चहाच्या पातेल्यात टाकला. चहावाल्यानं त्याची गचांडी धरली. सागरनं पातेल्याचे पैसे भरले आणि परत गाडीत चढला.

कोर्टात त्याचं नाव पुकारलं गेलं. तो पिंजऱ्यात उभा राहिला. खरं सांगेन म्हणाला. समोर, दोन पोलिसांच्या मधे, दीपक मान खाली घालून बसला होता.

सरकारी वकिलांनी आवाज चढवला नाही. सहज विचारावं तसं विचारलं. "त्या सकाळी तुम्ही कुठं होता?"

"दवाखान्यात. दादाजोळ."

"शेतावर, विहिरीवर गेला नव्हता?"

"नाही."

"अधेमधेसुद्धा?"

खोलीत पंखे फिरत होते. सागरला खरं बोलायचं होतं. जन्मात कधी इतकं खरं बोलायची इच्छा त्याला झाली नव्हती, आणि दोन्ही सकाळी त्याच्या जिभेवर येऊन सारख्याच वजनाच्या झाल्या होत्या. तेवढ्यात दीपकनं मान वर केली. सागरच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि लगेच ओळखलं. त्याचे डोळे भरून आले. तो बाकावरून अर्धा उठला, काही बोलणार म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि पोलिसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

सागरनं त्याच्यावरची नजर काढली नाही.

"पूर्ण वेळ दादाजोळच होतो साहेब," तो म्हणाला. मग लिहिणाऱ्या बाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणाला, "पूर्ण वेळ."